पटकथेवरचं माझं नाव

प्रिय हृषीकेश,

टीव्हीवर तुझी मुलाखत लागली की माझी आई अजूनही शेजारच्यांना बोलावते. आपलं का बिनसलं, हे मी तिला सांगितलेलं नाही.

आपण दोघं इंदूरला पेपरात सिटी रिपोर्टर असताना पोलोग्राउंडच्या त्या कारखान्याला आग लागली. बायका आत असताना मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, हे तिथे कामाला असलेल्या जनाबाईंनी मला दवाखान्यात सांगितलं. दोन्ही हातांना पट्ट्या होत्या त्यांच्या. संपादकांनी बातमीतली कुलपाची ओळ कापली आणि मी राजीनामा दिला. तू म्हणालास, पेपरात नाही छापलं तर पडद्यावर दाखवू. त्या एका वाक्यावर मी तुझ्यामागे मुंबईला आले, हे लिहायला मला आज लाज वाटत नाही.

तिथे दुसऱ्यांच्या मालिकांचे संवाद लिहून मी हात बसवला आणि मग ही पटकथा लिहिली. निर्मात्यांना शेवट बदलून हवा होता. मालकानंच आगीत शिरून बायकांना वाचवायचं. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, एवढंच तर आहे पूर्णिमा, पिक्चर तर बनेल. मी इंदूरला परतले. तू तो सीन दुसऱ्याकडून लिहून घेतलास, सिनेमा केलास आणि पटकथेवर नाव माझंच ठेवलंस.

गेल्या महिन्यात मी जनाबाईंना तुझा सिनेमा दाखवायला नेलं. मालकानं एका बाईला खांद्यावर घेऊन बाहेर आणलं, तेव्हा थिएटरात टाळ्या पडल्या. जनाबाई हळूच म्हणाल्या, "बेटा, हा कौन है? आमच्याकडे तर कोणी आलंच नाही." मला त्यांच्याकडे बघवेना.

काल तुझ्या ऑफिसचा मेल आला. पटकथेला पारितोषिक मिळालंय, स्टेजवर मी यावं. तू फोनही केला नाहीस. त्या मेलचं उत्तर म्हणून हे लिहितेय. मी येणार नाही. सिनेमावरून माझं नाव काढ. नाही काढलंस तर मी पेपरात जाहीर करीन, शेवट माझा नाही म्हणून. मूळ पटकथेचं मी नाटक केलंय आणि पारितोषिक सोहळ्याच्याच संध्याकाळी इथल्या राजेंद्र नगरात त्याचा पहिला प्रयोग आहे. आधीच्या सभागृहवाल्यांनी कुलपाचा प्रवेश गाळायला सांगितला, तेव्हा मी सभागृह बदललं. जनाबाई स्वतः काम करताहेत. घरच्यांनी नको म्हटलं, तर त्या म्हणाल्या, तेव्हा ओरडले ते कुणी ऐकलं नाही, आता ऐकतील.

तू तुझ्या स्टेजवर जा. आम्ही आमच्या स्टेजवर उभ्या राहतो.

एकेकाळची तुझीच,
पूर्णिमा