उजवा कौल

२२ फेब्रु., वापी
ओव्हरटाइम नाही. सकाळी बघतो तर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून आमच्या वाडीतल्या सदूला काढलंय. कोणी विचारलं पण नाही का ते. फोन केला. सदू म्हणाला, "जांभ्याच्या चिरेखाणीला नाय म्हटलं. पऱ्याचं वाहतं पाणी जाईल, एवढंच बोललो. तू नको फोन करू, तुझे तात्या गावकर, गाव त्यांच्याच शब्दावर चालतं."
तात्या असे नाहीत. सख्खे काका, बाबा गेल्यावर वाटणीत विहिरीकडचा तुकडा आम्हाला दिला, स्वतः नुसता कातळ घेतला.

२८ फेब्रु., गावी
शिमग्याला आलो. गिरणीत सदूचं दळण घेत नाहीत. तरी त्याच्या आईने अंगण सारवून ठेवलंय. "आलास काय रं? पालखीला पुढचा खांदा तुझाच ना? येल ना माझ्या दारात?"
येईल म्हणालो. कशाला म्हणालो.

१ मार्च
देवळात कौल. गाभाऱ्यात तात्या, गुरव, आणि मी समई धरून. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, सदूच्या दारात पालखी न्यायची आसंल तर उजवी दे." देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या लावल्या. उजवी पडली.
तात्या म्हणाले, "वाऱ्याने पडली. परत लाव."
कसला वारा. ज्योत हलत नव्हती.
परत उजवीच.
तात्यांनी कळी उचलून खिशात टाकली. बाहेर येऊन सांगितलं, "देवाने डावा दिला." सगळे म्हणाले, होय म्हाराजा. माझे पण ओठ हलले.

३ मार्च
होळी लागली. सदू लांब बांधावर एकटा. कोणी हाक मारली नाही.
जेवताना तात्यांनी माझ्या पोळीवर तूप वाढलं. "खाण सुरू झाली की तुला डंपरवर लावतो. कशाला वापीत मरतोस? तुम्हा पोरांसाठीच चाललंय हे." रागावले असते तर बरं झालं असतं.

५ मार्च
गुरवाला गाठलं. म्हटलं, आपण दोघांनी बघितलंय. तो म्हणाला, "मी काय बघितलं नाय. तू पण समईच धरली होतीस, ध्यानात ठेव."
येताना सदू वाटेत उभा. "पालखी नाय आली तर आईला काय सांगू?"
झोप नाही नीट. सारखी ती कळी...

६ मार्च, सकाळ
आज पालखी आमच्या वाडीत. ढोल ऐकू येतोय. तात्यांनी स्वतः मला टोपी घातली, हाताने सारखी केली. हळूच म्हणाले, "सदूच्या वळणावर सरळ जायचं."
पुढचा खांदा वळला की मागच्यांना वळावंच लागतं. लहानपणी त्यांनीच शिकवलं.
खांद्याला बोलावतायत.