लाल दिव्यावरची चिकटपट्टी

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. पुढे मुलाखतीत तारखा विचारतात, तेव्हा डोकं खाजवत बसायला नको.

गेल्या वर्षीची फिल्म नापास झाली, कारण परीक्षकांना ती झेपली नाही. यंदा जरा सोपी करणार. विषय: एकटेपणा. माणूस खुर्चीत बसलाय. उठतो, खिडकी उघडतो. संपलं. सरांनी विचारलं, तो का उठतो? मी नुसता हसलो. (उत्तर शोधणे.)

५ फेब्रुवारी
बाबांनी जेवताना सांगून टाकलं, यंदाही आपटलास तर आपल्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायचं. आईने त्यांना आणखी एक पोळी वाढली. म्हणजे तिचंही तेच.

लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावण्यात जन्म घालवू? शक्य नाही.

९ फेब्रुवारी
नट पळाला. स्क्रिप्ट वाचून म्हणाला, यात मी करायचं काय? कुवतच तेवढी.

बाबांना विचारलं. चेहऱ्यावर एकटेपणा भरपूर आहे. आईकडे बघत हो म्हणाले. रविवारी दुकान बंद ठेवतील. कॅमेरा कॉलेजचा, सोमवारी परत. म्हणजे हा एकच दिवस. मला पुरतो.

१२ फेब्रुवारी
साउंडला वर्गातली एक मुलगी, सगळे तिला मुंगी म्हणतात. बुटकी, पण चावते. बाबांच्या कॉलरला माइक लावायचाच म्हणते. मी म्हटलं, अगं फिल्ममध्ये कुणी बोलतच नाही. म्हणाली, श्वास तरी घेतात ना? वाद घातला नाही. लहानांना थोडं खेळू द्यावं.

१५ फेब्रुवारी, रविवार
शूटिंग. ऐतिहासिक दिवस.

कॅमेऱ्याचा लाल दिवा खिडकीच्या काचेत दिसत होता. क्षणात त्यावर काळी चिकटपट्टी लावली. मुंगी म्हणाली, मग रेकॉर्डिंग सुरू आहे की बंद हे कळणार कसं? बटण मी दाबतोय, मला नाही कळणार? स्क्रीनही मिटून टाकला. दिग्दर्शकाने माणसाकडे बघावं.

बाबा दिवसभर उठबस करत होते. गुडघा दुखतोय म्हणाले. म्हटलं, दुखू दे, चेहऱ्यावर येतंय. शेवटच्या टेकला डोळे पाणावले. माझे.

१७ फेब्रुवारी
फुटेज अजून पाहिलं नाही. घाई नवशिक्यांना असते.

२० फेब्रुवारी
फुटेज पाहिलं.

या कॅमेऱ्याला बटण एकच. एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. तालमीच्या वेळी ते एकदा जास्त दाबलं गेलं असावं. मग दिवसभर मी ॲक्शन म्हटलं की कॅमेरा बंद, आणि कट म्हटलं की सुरू.

एकही टेक नाही. मधलं सगळं आहे. मी खुर्ची सरकवतोय, मी ओरडतोय, माझी पाठ. बटण बनवणाऱ्याला अक्कल नको?

सर म्हणाले, कॅमेरा पुन्हा मिळणार नाही. जे आहे ते जोडून सोमवारी दे.

२१ फेब्रुवारी
बाबा गुडघ्याला पट्टा बांधून दुकानात गेले. जाताना विचारलं, नीट आलं ना रे? म्हटलं, अप्रतिम.

२२ फेब्रुवारी
मुंगीबरोबर एडिटिंग. एका ठिकाणी मी दिवा आणायला बाहेर गेलोय. खोलीत फक्त आई-बाबा. आई त्यांचा गुडघा चोळते, म्हणते, सांगा ना त्याला, पुरे आता. बाबा म्हणतात, नको. पोराला काही जमत नाहीये, दिसतंय मला. पण आपणच बोललो तर पार खचेल. आणखी एकदा उठतो.

मग सावरून बसतात. मी आत येतो आणि म्हणतो, बाबा, जरा मनापासून करा.

मुंगीने थांबवलं. चावेल असं वाटलं. नाही चावली. म्हणाली, हीच तुझी फिल्म. तेवढा आवाज अस्पष्ट करता येईल का, विचारलं. येईल म्हणाली, पण मग उरेल काय?  फार वाईट वाटलं.

२३ फेब्रुवारी
फिल्म दिली. आवाजासकट. हे धाडस आहे, हतबलता नव्हे.

२७ फेब्रुवारी
कॉलेजात सगळ्यांच्या फिल्म दाखवल्या. आई-बाबा इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या रांगेत. मी मागे, दाराजवळ.

पास झालो. सरांनी कौतुक केलं. बाबांचं.

परत येताना घराच्या पायऱ्यांशी बाबा थांबले, गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, आवाज स्वच्छ आलाय हं.

म्हटलं, तो मुंगीने केलाय.

रविवारी काउंटरवर मी बसणार आहे. त्यांच्या गुडघ्यासाठी. तेवढ्यापुरतंच.