बाबांनी मारलेली हाक

प्रिय धाकट्या,

खुशाली विचारत नाही, कारण खरं सांगायचं तर आज मला तुझ्या खुशालीशी देणंघेणं नाही. शोकसभेला पाच दिवस झाले, तरी तुझं भाषण डोक्यातून जात नाही. रुमालाने डोळे टिपत तू सांगितलंस, की जन्मभर देव नाही म्हणणाऱ्या आमच्या बाबांनी शेवटचे दोन दिवस देवाचाच धावा केला. झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारचे वकील पुटपुटले, आला बुवा शेवटी वळणावर. जणू बाबा ऐंशी वर्षं उनाडक्या करत हिंडत होते.

त्या उनाडक्या कसल्या होत्या, तुला चांगलं माहीत आहे. तुझा टायफॉइड उतरला तेव्हा आई म्हणाली, देवाची कृपा. बाबा म्हणाले, असेल, पण जागरणं नर्सबाईंनी केलीत. मग तुला सायकलवर बसवून ते नर्सबाईंच्या घरी गेले, औषधवाल्याकडे गेले, बर्फाच्या गाडीवाल्याकडेसुद्धा गेले आणि प्रत्येकापुढे तुला आभार मानायला लावले. कोणी केलं ते शोधायचं आणि त्याला तोंडावर सांगायचं, एवढाच त्यांचा धर्म. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात पाळीवर असताना त्यांच्या हातून व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि खालच्या वस्तीत पाणी शिरलं, तेव्हा साहेबांनी सगळं जुन्या पाइपावर ढकललं होतं. बाबा मात्र घरोघर जाऊन, ही चूक माझी, असं सांगून आले आणि सुट्टीचा अख्खा दिवस लोकांच्या घरातला गाळ उपसत राहिले. त्यांच्यासोबत दुसरं घमेलं कोणाच्या हातात होतं?

आठवतंच तुला. त्यांच्याच पाळीतला फिटर. हाक मारली तरी कधी वेळेवर हजर होत नाही, म्हणून पंपघराने त्याचं नाव 'देवा' ठेवलं होतं. माझा या एकाच देवावर विश्वास आहे, असं बाबाच म्हणायचे आणि दोघं खो खो हसायचे.

हॉस्पिटलात बाबा 'देवा, देवा' करत होते आणि मध्येच 'पाना आण' म्हणत होते. देवाकडे कोणी पाना मागतं का रे? तू ऐकलंस आणि मीही ऐकलं. तरी तू डॉक्टरांना बेधडक सांगितलंस, की त्यांचं मन पालटलंय, देहदान रद्द करा. वीस वर्षं पाकिटात जपलेला त्यांच्या सहीचा कागद चार लोकांत मान खाली जाऊ नये म्हणून तू फाडलास आणि सगळे विधी यथासांग उरकलेस. मेलेल्या माणसाच्या तोंडात आपले शब्द कोंबायचे, याची शिसारी येते मला. किळस आली तुझी. आणि तिथे मूग गिळून उभ्या असलेल्या माझी त्याहून जास्त आली.

काल देवाकाका घरी आले. शोकसभेत ते मागच्या रांगेत होते, तुला दिसले नसतील. दारातूनच त्यांनी विचारलं, पोरी, शेवटी तो घाबरला का गं? मी सांगितलं, नाही काका, ते तुम्हालाच हाक मारत होते. म्हातारा म्हणाला, मग मला बोलावलं का नाही? त्या दोन दिवसांत त्यांचे चार फोन आले होते. हा माणूस आला तर देहदानाचा हट्ट धरेल, असं तू म्हणालास आणि मी चारही वेळा त्यांना सांगितलं, भेटायला मनाई आहे. काल खरं सांगायचं टाळून मी चहा ठेवायला आत गेले. रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी जाऊन सांगणार आहे, की मनाई नव्हती, मी खोटं बोलले. कोणाच्या सांगण्यावरून बोलले, ते मी सांगणार नाही. ते सांगायला तू ये.

अजूनही तुझीच,
ताई