शशिकांत भाऊजींना न मिळालेली पिकअप

मी, इंदिरा गुणवंत मोहरील, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार कांचघर, जबलपूर, सकाळचा चहा पिऊन, चष्मा पुसून आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही, हे बरं झालं.

१. राहतं घर माझे मुलगे शैलेंद्र आणि आल्हाद यांना निम्मं निम्मं. मध्ये भिंत घालू नये.

२. बँकेत जे असेल ते दोन्ही सुनांचं. त्यांनी मला फार जपलं.

३. शिलाई मशीन नात यशश्रीला. आमच्या मंडपाच्या धंद्यातल्या सगळ्या कनाती मी त्याच्यावर शिवल्या.

४. चार वर्षांपूर्वी महाराजपूरच्या लग्नात आमच्या पिकअपचा ब्रेक लागला नाही आणि गाडी गुलाबजामच्या कढईला जाऊन धडकली. देवाच्या कृपेनं कोणाला लागलं नाही. शैलेंद्र म्हणाला, आल्हादनं ब्रेकचा पाइप नीट कसला नाही, तेल गळलं. आल्हाद म्हणाला, दादा पेडलवर पाय ठेवूनच गाडी चालवतो, लायनर जाळले. तेव्हापासून दोघांत अबोला आहे आणि गाडी अंगणात उभी आहे.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गाडी तपासली. पाइप कोरडे होते आणि लायनर जाड होते, म्हणजे दोघेही निर्दोष. मग ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण उघडलं, तर आतलं रबर पुरीसारखं फुगलेलं. ब्रेकमध्ये भलतं तेल पडलं की रबर असं फुगतं. लग्नाच्या आदल्या दिवशी घाईत तेल मीच भरलं होतं, शिलाई मशीनच्या बाटलीतून. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. मला लाज वाटते. ‘बाईमाणसाला गाडीतलं काय कळतं’ असं म्हणणाऱ्या माझ्या दिरांसमोर, म्हणजे शशिकांत भाऊजींसमोर, हे कलम वाचू नये.

५. पिकअप दोन्ही मुलांना सामाईक. नथ्थू मिस्त्रीनं सगळी रबरं नवी घातली आहेत, पण ब्रेकच्या लाइनमध्ये शिरलेली हवा मी त्याला काढू दिली नाही. “अम्मा, पैडल स्पंज जैसा रहेगा,” तो म्हणाला. म्हटलं, राहू दे. हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी झोपून हवा सोडायचा निपल उघडायचा आणि कसायचा. न बोलता ते जमत नाही. ह्यांनी खालून ‘धर’ म्हणायचं आणि मी धरायचं, असं आम्ही तीस वर्षं केलं आणि त्यात फार मजेत होतो. माझ्या तेराव्याच्या आत दोघांनी मिळून हवा काढावी. न काढल्यास गाडी शशिकांत भाऊजींना जाईल.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी: वकिलांसमोर हे दोघांना वाचून दाखवलं.

“आई, मशीनचं तेल?” आल्हाद म्हणाला.

“अन् चार वर्षं काहून नाही सांगितलं?” शैलेंद्र.

“दादा, विचार न हिला!”

चार वर्षांत त्यानं ‘दादा’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मग दोघं मिळून माझ्यावर असे रागावले, की वकील पाणी प्यायला आत गेले. थोड्या वेळानं अंगणातून आवाज आला.

“दाब!”

“दाबून राहिलो न!”

“आता धर. अरे, काहून सोडलं?”

“तूच म्हणाला न, सोड!”

मी ओसरीत बसून हसले आणि रडलेही. चारही चाकं झाल्यावर मला आत बसवलं. पेडल दाबलं, तर वरच्या वर घट्ट.

सबब कलम पाचमधली अट रद्द. साक्षीदार म्हणून सही करायला दोघंही धावले, पण वारसांना ती करता येत नाही, असं वकील म्हणाले. तेव्हा मुलांनी स्वतःचं एक कलम घालायला लावलं:

६. यापुढे आईनं गाडीत कोणतंही तेल घालू नये.

हे दोघांनी एकमतानं ठरवलं आहे. मला मान्य आहे.

सही: इंदिरा गुणवंत मोहरील

साक्षीदार:
१. नथ्थू मिस्त्री (हात पुसून सही केली)
२. गौरांग देव, शेजारी

जबलपूर, रविवार, १६ नोव्हेंबर २०२५