पुठ्ठ्याआड पडलेले फासे

मी, खाली सही करणारी, वय त्रेपन्न, शिक्षण चौथी, धंदा पुस्तकबांधणी, लिहून ठेवते की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. पोट नाही, पण पोटाचं या कागदाशी काम नाही. मला कोणी दमदाटी केलेली नाही की गोड बोलून फशी पाडलेलं नाही. ज्यांना तशी हौस होती ती माणसं आता इकडे फिरकत नाहीत. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, आणि पुन्हा करायला वेळ मिळेल असं डॉक्टरांच्या तोंडावरून वाटत नाही. वकिलांनी मसुदा दिला होता. त्यात माझं एकही वाक्य सापडलं नाही, म्हणून कलमांचे आकडे त्यांचे ठेवले आणि मजकूर माझा घातला.

कलम १. माझ्या मागे एक धाकटा भाऊ आहे. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि मी सोळाची. लग्न मी केलं नाही. का केलं नाही ते विचारणाऱ्यांनी तेव्हा त्याला एक दिवस सांभाळून दाखवायचं होतं. तो तीन वर्षांपासून अंथरुणावर आहे. कमरेखाली त्याला काही कळत नाही.

कलम २. माझी हत्यारं, म्हणजे दोन आऱ्या, हाडाची पट्टी, कापणीची सुरी आणि छोटा लाकडी दाब, कारखान्यात शिलाईवर बसणाऱ्या बुटकीला द्यावीत. तिचा हात बरा आहे. सुरीला पाणी लावून ठेवू नये, गंजते. हे तिला शंभरदा सांगून झालंय.

कलम ३. थोरल्या बहिणीला काही नाही. आईचं शिवणयंत्र तिने आई जाऊन बारा दिवस व्हायच्या आत नेलं. मी विचारलं तर म्हणाली, "तुला कुठे शिवता येतं?" त्यानंतर सदतीस वर्षं मी पुस्तकं शिवतेय. भाऊ पडला तेव्हा ती एकदा आली, दारातूनच डोकावली, म्हणाली, "खेळ खेळा अजून." तिला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावं.

कलम ४. खेळ. हा माझ्या घरातला सगळ्यात जुना ऐवज, म्हणून जरा लांबण लागेल. कारखान्यात एकदा एका खेळाच्या पुस्तकाचं काम आलं. एका प्रतीत निम्मे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, उलटे शिवले गेले आणि शेवटचा फर्मा लागलाच नाही. मालक म्हणाले, रद्दीत टाका. मी घरी आणली. भाऊ वाचायचा, मी ऐकायची. खेळ असा: बाकीचे एकेक सोंग घेतात, कोणी घोडेस्वार, कोणी वैदू, आणि एकजण त्यांना सांगतो की समोर काय आहे. ते सांगतात आम्ही काय करतो. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. सांगणाऱ्याला पुस्तकात गेम मास्टर म्हटलंय. ते काम माझ्याकडे आलं, कारण बाकीच्यांना सोंगं हवी होती. सोळा वर्षं दर रविवारी दुपारी आम्ही चौघं बसलो: मी, भाऊ, गल्लीतला वायरमन आणि खालच्या मजल्यावरची नर्स.

पुस्तक, फासे आणि माझ्या वह्या वायरमनला द्याव्यात. भाऊजी, गेलेल्या फर्म्यात खुळ्यांना कसं आवरायचं ते लिहिलं असणार. ते मला माझं मलाच शोधावं लागलं. तुमच्यासाठी लिहून ठेवते, कारण खुळ्यांत तुम्हीच पहिले. दोरीच्या पुलावर मध्यावर उभं राहून तुम्ही पूल पेटवला होता.

"शत्रू मागून येतायत ना? पेटवला!"

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही पुलावरच आहात."

"असं का? मग आधी सांगायचं नाही का!"

तर पहिली गोष्ट हीच. माणूस वेडेपणा करतो तेव्हा बहुतेक वेळा तो वेडा नसतो, त्याने नीट ऐकलेलं नसतं. समोर काय आहे ते पुन्हा सांगा, साध्या शब्दांत. दार गरम आहे. खाली पाणी नाही, दगड आहेत. मग एकदाच विचारा, "नक्की?" दोनदा विचारलंत तर ती विनवणी झाली. हो म्हणाला तर अडवू नका. अडवलंत की खेळ तुमचा एकट्याचा झाला. एकाच्या खुळेपणात सगळ्यांना बुडवू नका. जीव घ्यायची घाईही नको. घोडा घ्या, हात घ्या, ज्याच्यावर त्याचा जीव आहे ते गाव घ्या. मेलेला काही शिकत नाही. आणि तुमच्यासमोर पुठ्ठ्याचा आडोसा ठेवू नका. मी ठेवायची. फासा सगळ्यांना दिसेल असा टाका. का, ते पुढच्या कलमात.

कलम ५. हे कलम कोणाला काही देण्यासाठी नाही.

भाऊ त्या खेळात घोडेस्वार होता. उंच दिसेल तिथून उडी मारायचा. बुरूज, कडा, गच्ची, काही वर्ज्य नव्हतं. मी सांगायची खाली दगड आहेत, मी विचारायची नक्की, आणि तो हसून म्हणायचा, "नक्की, ताई." एरवी घरात तो हसत नव्हता. त्याची बायको दोन वर्षांत निघून गेली होती, आणि आठवड्यात तेवढे चार तास त्याच्या तोंडावर उजेड यायचा. पहिल्यांदा त्याच्या उडीसाठी आडोशामागे फासा पडला तो तीन. तीन म्हणजे मेला. मी म्हटलं, "अठरा." टेबलावर आरडाओरडा झाला. वायरमनने त्याला खांद्यावर घेतलं.

असं मी अकरा वेळा केलं. वायरमनचा पूल जळला तेव्हा त्याचा पाय मी घेतला, नर्सचं अख्खं गाव घेतलं, त्यात कसूर केली नाही. याच्या एकट्याच्या बाबतीत माझी जीभ घसरायची. अकराचा आकडा पक्का आहे, वहीत टिंबं केलीत.

तो मोठ्या जाहिरातींचे फलक चढवायचा. चौथ्या मजल्याच्या उंचीवर कामाला कमरेचा पट्टा असतो. तीन वर्षांपूर्वी एके दिवशी तो त्याने सोडला आणि खाली आला. मला त्याच्या जोडीदाराने सांगितलं की, पट्टा बांध म्हटल्यावर तो म्हणाला, "मी पडत नाही रे. आमच्या ताईला विचार." मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं ते मला माहीत नाही.

तो आजवर समजतो की त्याचं नशीब एवढ्या वर्षांत एकदाच फिरलं.

कलम ६. घर. दोन खोल्या, दुसरा मजला, जिना अरुंद, लिफ्ट नाही. नर्स म्हणते, तिच्या इस्पितळामागे अशा माणसांना ठेवून घेतात, घर विकलं तर त्याची तिथे शेवटपर्यंत सोय होईल. मी बघून आले. चादरी स्वच्छ होत्या. बारा माणसं एका खोलीत, सगळी छताकडे बघत. भावाला सांगितलं तर म्हणाला, "मी इथेच राहणार. एकटा."

"सामान?"

"खिडकीतून दोरी सोडीन."

"आणि अंथरुणातून खुर्चीत कोण घेणार?"

"हात आहेत की मला."

त्याचे हात मी रोज पुसते. तीन वर्षांत ते माझ्या मनगटाएवढे झालेत. नर्स आठवड्यातून एकदा येईन म्हणाली, वायरमन दोनदा. उरलेले चार दिवस मी बोटांवर मोजले. तिथे राहिला तर मनाने जाईल, इथे राहिला तर अंथरुणात कुजेल. तिसरं दार मी शोधलं, नाही सापडलं.

मला लिहिताना पुटपुटायची सवय आहे. अक्षर जुळवावं लागतं ना. पाचवं कलम लिहून झालं आणि आतून आवाज आला.

"ताई. अकरा वेळा?"

मी आत गेले. "हो."

"बुरुजावरून उडी मारली तेव्हा किती पडले होते?"

"दोन."

"आणि नदीत?"

"एक."

"म्हणजे मी नशीबवान कधी नव्हतोच."

"नव्हतास."

मी त्याला सगळं पुन्हा सांगितलं, साध्या शब्दांत. जिना सांगितला, चार दिवस सांगितले, पाठीला जखमा कशा होतात ते सांगितलं. बारा खाटा सांगितल्या, छतही सांगितलं. मग विचारलं, "इथेच राहायचं? नक्की?"

या वेळी तो हसला नाही. म्हणाला, "तू सांग ना, ताई."

सहा वर्षांचा असताना याच आवाजात विचारायचा. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. मी त्याची उशी सारखी केली, तेव्हा त्याने तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाला, "दार ओढून घे."

हे चार दिवसांपूर्वीचं. तेव्हापासून मी भरवते तेवढं खातो, बोलत नाही. वकील आज येणार आहेत आणि माझ्याने अजून थांबवत नाही. म्हणून लिहिते: घर माझ्या भावाच्या नावे, कसलीही अट न घालता. विकायचं की राहायचं ते त्याने ठरवावं. कोणी त्याला अडवू नये. कोणी त्याला खोटं सांगू नये.

कलम ७. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असं वकील म्हणाले. ज्यांना काही द्यायचं नाही अशी दोन माणसं शोधायला मला वेळ लागला नाही. नर्स मात्र स्वतःहून म्हणाली, "मला काही नको, सही करते." तिचे आभार या कागदावरच मानते, तोंडाने जमत नाही.

वरचा मजकूर मी स्वतः लिहिला, खालच्या दोन साक्षीदारांसमोर वाचून दाखवला आणि सही केली. आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचला.

सही: (माझी, चौथीतली)

साक्षीदार पहिली: खालच्या मजल्यावरची नर्स. सही.
साक्षीदार दुसरे: बाइंडिंग कारखान्याचे मालक. सही.

ठिकाण: राहतं घर, बाहेरची खोली. आतलं दार ओढलेलं.
तारीख: महिन्याची एकोणीस, मंगळवार, सकाळी अकरा.