आक्काची लाज

ता. ३ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले. मनातून तुझे कान पिळावेसे वाटताहेत. काल नातीला घेऊन तुझं ते प्राण्यांचं आणि माशांचं उद्यान पाहून आले. तुला कळवलं नव्हतं, म्हटलं भावाला चकित करू. झालं उलटंच.

कासवं पाहिली, माशांची काचेची खोली पाहिली, एका शेळीनं माझ्या पिशवीचा बंद खाल्ला. इथवर सगळं छान. मग समुद्रसिंहाच्या तळ्यापाशी आलो आणि नातीनं पाटी मोठ्यानं वाचली: नाव आक्का, वय बावीस, स्वभाव हट्टी, आवड खाणे. शेजारची माणसं फिदीफिदी हसली. बहिणीचं नाव द्यायला सबंध समुद्रात तुला हीच सापडली होय? बरं, तेही गिळलं. आकारात थोडं साम्य आहे, हे मीही नाकारत नाही.

पण बाराच्या खेळाला तू माईकवरून म्हणालास की आक्का, लाजून दाखव. तिनं आपला वल्ह्यासारखा हात तोंडावर घेतला. लोक लोटपोट. तू मासा दिलास. मी पहिल्या रांगेत होते, धाकट्या. तिच्या दोन्ही डोळ्यांत दुधाळ पडदा आहे. तळ्याला पांढरा रंग, वर उघडं ऊन, छपराचा पत्ता नाही. बादलीची कडी वाजली की तिकडे तोंड वळवायची, मासा काही तिला दिसत नव्हता. माझा मोतीबिंदू पिकला तेव्हा गणवेशाचं पांढरं कापड शिलाईयंत्रावर आलं की मीही अशीच डोळ्यांपुढे हात धरायची. ती कसली लाजतेय! तिला खुपतंय.

मासे कापणाऱ्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या वर्षभर असंच चाललंय, सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांत तूही आलास. म्हणून न भेटता परत फिरले. भेटले असते तर चारचौघांत तुझा उद्धार झाला असता. हा खेळ बंद कर.

राग आणि माया एकाच पाकिटात घातली आहे. दोन्ही पोचल्याचं कळव.

आक्का

ता. ७ मे

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

दोन्ही पोचलं. दारापर्यंत येऊन न भेटता गेलीस, त्याचा मलाही काही कमी राग आलेला नाही. नावाचं म्हणशील, तर ती नवी आली तेव्हा कुणाच्याच हातून खाईना. मी रागावलो, तर उलट माझ्यावरच ओरडली. नाव आपसूक तोंडातून निघालं.

ते लाजणं मी शिकवलेलं नाही. एका दुपारी तिनं आपण होऊन हात तोंडावर घेतला, लोक हसले, मी मासा दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी त्याला शब्द जोडला. आमचं काम असंच चालतं, जनावर आपण होऊन जे करतं त्यालाच शब्द आणि मासा जोडायचा. डोळ्यांचं मॅनेजरला दोनदा सांगितलं. तो म्हणतो, छप्पर घातलं तर मागच्या रांगांना दिसणार नाही, आणि लोक लाजणं बघायलाच येतात. मी नाही म्हटलं तर दुसरा उभा राहील आणि उपाशी ठेवून करून घेईल. शिलाईयंत्रापुढे बसून उपदेश करणं सोपं आहे, आक्का.

भांडणातही लोभ असू द्यावा.

धाकटा

ता. ११ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, नेहमीपेक्षा थोडे कमी.

पत्र तीनदा वाचलं. तूच लिहिलंस आणि तुलाच वाचता आलेलं नाही. तिनं आपण होऊन हात वर घेतला, तो दुखलं म्हणून. तिच्या दुखण्याला तू मासा दिलास आणि वर त्याला लाज म्हणालास. लाज वाटायला हवी ती कुणाला रे?

छप्पर मी शिवते. हिरवं जाड कापड आणलंय. तळ्याची लांबीरुंदी टेपनं मोज, पावलांनी नको. मागच्या रांगांना दिसेना, तर मॅनेजरला म्हणावं, त्यांना पुढे आणून बसव. हे यंत्रापुढे बसूनच सांगते आहे.

उत्तरात सबबी नकोत, मापं हवीत.

आक्का

ता. २९ मे

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

कापड पोचलं. मासे कापणाऱ्या बाईंनी आणि मी मिळून चढवलं. रविवारी बाराच्या खेळाला मी तो शब्द उच्चारलाच नाही. माईकवर सांगून टाकलं की हिला मोतीबिंदू आहे, ऊन खुपतं म्हणून ही हात घेते, आणि हे ठाऊक असून वर्षभर मी तुम्हाला हसवलं. कुणी हसलं नाही. एक बाई मुलांना घेऊन उठल्या, मग रांगच्या रांग उठली. मॅनेजरनं माईक हिसकावला. सोमवारपासून मी शेळ्यांकडे आहे. तिचा खेळ बंद पडला, कारण दुसऱ्याच्या आवाजाला ती पाण्याबाहेर येतच नाही. डॉक्टरीणबाई पाहून गेल्या. एक डोळा गेला, दुसऱ्याचं ऑपरेशन होईल म्हणतात.

झालं तुझ्या मनासारखं. पण काल तळ्याजवळून जाताना मी एका शेळीला हाक मारली. तळ्यातली आक्का सावलीत डोळे मिटून पडली होती. माझा आवाज ऐकला आणि लगेच हात तोंडावर घेतला. मी तिला काहीच म्हणालो नव्हतो गं. आता तिथून जाताना मी तोंड बंद ठेवतो.

धाकटा

ता. २ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

वर्षभर गप्प बसलास, आणि आता पुन्हा गप्पच बसणार? तिला दिसत नाही. तुझा आवाज तेवढा ओळखीचा, तोही काढून घेतलास तर तिच्याजवळ राहिलं काय?

शेळ्यांचं आटोपलं की रोज तळ्याकाठी बस आणि बोल. काहीही बोल, मॅनेजरच्या चहाड्या सांग. ती हात वर घेईल. घेऊ दे. तेव्हा मासा नाही, हसणं नाही, नुसतं थांबायचं. हात खाली आला की मासा. वर्षभर तिनं हे केलंय, तर विसरायलाही वर्ष लागेल. तुला कुठे जायचंय?

माझा राग अजून गेलेला नाही. तो जाईपर्यंत काम अडवून ठेवू नकोस.

ज्या दिवशी तू बोलशील आणि तिचा हात खालीच राहील, त्या दिवशी लिही.

आक्का