खाच नसलेला रुपया

बाबा, तुमची तिकोनी कानस अजून चांगली धारेची आहे. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवायची तुमची सवय, त्यामुळे एवढ्या वर्षांत गंजाचा एक ठिपका नाही. दुपार आहे, शाळेला सुट्टी आहे, समोर तुमचा बिस्किटांचा डबा उघडा आहे आणि माझ्या तळहातावर तो अंकुशी रुपया. त्याला खाच मारायची की नाही हे काही ठरेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. वेडेपणाच आहे. पोस्टमन कुठे नेणार हे पत्र!

डोळे मिटले की भिवपुरीच्या क्वार्टरची ओटी दिसते. वीजघराची घरघर दिवसरात्र कानात, इतकी की ती ऐकूच यायची नाही. रविवार सकाळ आहे, धुकं भातावरून अजून उठलेलं नाही, आणि माणसं येऊन बसलीत. कुणाच्या पदराच्या गाठीत, कुणाच्या चंचीत एखादा जुना चांदीचा रुपया. तुम्ही साधे फिटर, नाणी जमवायचा नाद लागलेले. पण खरा का खोटा विचारायचं तर तालुक्यात तुम्हालाच. तुम्ही आधी रुपया नुसता हातात धरून बसता, अंगाची ऊब लागेपर्यंत. मग साच्याचा सांधा लागतो का म्हणून नखानं कड चाचपता. मग भिंग. "हे बघ गं, वतलेला रुपया. आंबोळीला पडती तशी बारीक जाळी हाय. आन् अक्षरं बघ, झिजल्या साबनावानी. हातानं ठोकलेल्याची अक्षरं कडेला तुटतील, पन धार नाय सोडनार." शेवटी ओटीच्या दगडावर टाकता. खरा असला की तो आवाज घरघरीच्या वरून निघून माथेरानच्या डोंगराकडे चाललाय असं मला वाटायचं. खोटा नुसता खट् म्हणायचा. मग मालकाला विचारून तुम्ही कानशीनं त्याच्या कडेला खाच मारायचात, पुढे आणखी कुणी फसू नये म्हणून. बरेच जण तो तिथेच टाकून जायचे आणि तो या डब्यात पडायचा.

ज्या घरांत आपल्याला पाणी वरून ओतून मिळायचं, त्या घरांतली माणसंही दिवाळीआधी लक्ष्मीपूजनाचा रुपया घेऊन आपल्या ओटीवर यायची. आपण तर लक्ष्मी पूजत नव्हतो. तुम्ही खरा म्हणालात की त्यांच्याकडे तो पाटावर बसायचा. आई आतून पुटपुटायची, "यांना शब्द चालतो तुमचा, तांब्या नाय चालत." तुम्ही हसायचात. "शब्द चालतोय ना? मग तेवढा तरी सांभाळू."

तो शब्द मी एकदा घालवलाच होता. सोळा वर्षांची असेन. दहिवलीची एक म्हातारी आली, तुम्ही आंघोळीला गेला होतात. मी ऐटीत तिचा रुपया दगडावर टाकला, खट् झालं, आणि सगळ्यांदेखत खोटा म्हणून मोकळी झाले. म्हातारी रडायलाच लागली. तिच्या आईच्या माळेतला होता तो. तुम्ही ओल्या अंगानं बाहेर आलात, भिंग लावलंत. माळेत ओवायची कडी जिथे डाग देऊन जोडली होती, तिथे बारीक चीर गेली होती, म्हणून आवाज बसलेला. रुपया अस्सल होता. "तुला कान हाय, पन धीर नाय," तुम्ही भरल्या ओटीवर मला म्हणालात. "आजपास्नं माज्या रुपयांना हात नाय लावायचा." अस्सा राग आला होता मला! आठवडाभर बोलले नाही, आणि बोलायला लागल्यावरही तो आत धुमसतच राहिला.

पुढे खालापूरला शाळेत लागले. पहिला पगार झाल्यावरच्या रविवारी तिथल्या बाजारात घेतलेला हा पेशवाईतला अंकुशी रुपया पेढ्यांच्या पुड्यासोबत तुमच्यापुढे ठेवला. ओटी भरलेली. तुम्ही तो हातात धरलात, कड चाचपलीत, दगडावर अगदी अलगद टाकलात. माझ्याकडे पाहिलंत. ते पाहणं मला अजून स्वप्नात दिसतं, लांबच लांब, मागे नुसती घरघर. "अस्सल हाय," तुम्ही म्हणालात. "पोरीच्या पैल्या पगाराचा हाय." लोक वाहवा करू लागले, आईनं डोळ्यांना पदर लावला.

तुम्ही गेल्यावर खऱ्या रुपयांची थैली भावाकडे गेली. त्यात माझाही असेल असं मी धरून चालले. हा डबा माळ्यावरच राहिला, तो मागच्या आठवड्यात आईनं मला दिला. आत सगळे खोटे, सगळ्यांना खाच. तळाशी एक पुडी, मी 'बाबांना' असं लिहिलेल्या त्याच कागदाची. आत हा रुपया, आणि याला खाच नाही. म्हणजे तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं. नाण्याच्या बाबतीत आयुष्यात एकदाच खोटं बोललात, तेही त्या ओटीवर, त्या माणसांपुढे, लेकीचं मन मोडू नये म्हणून. खूप रडले हो मी, बाबा.

पण खाच मारायलाच हवी. नाहीतर माझ्यामागे कुणीतरी तुमचं नाव सांगून हा खरा म्हणून खपवेल. मारते, आणि हे कागद घडी करून याच डब्यात ठेवते. त्याआधी एवढं सांगू द्या. खालापूरच्या बाजारात मी हा रुपया दगडावर वाजवून बघितला होता. खट् ऐकलं होतं. सांधा, जाळी, सगळं धीरानं बघितलं, तुम्ही शिकवलंत तसं, आणि खोटा असल्याची खात्री करूनच घेतला. तुमचा कान सगळ्यांदेखत चुकलेला बघायचा होता मला. तुम्ही अस्सल म्हणालात, आणि त्या संध्याकाळी खालापूरला परतताना एसटीत मी खिडकीशी बसून हसत होते.